गळ नाकारणारे तळे

अमेरिकेच्या मध्य आणि दक्षिण भागांत मक्याची शेते आणि कुरणे यांच्या अधूनमधून पाण्याचे जे लहान तुकडे दिसतात, त्यांपैकी निसर्गाने घडवलेले फार थोडे असतात; बहुतेक तळी गेल्या नव्वद-एक वर्षांत एखाद्या घळीच्या तोंडाशी मातीचा बांध घालून माणसानेच केलेली आहेत. १९३० च्या दशकातील दुष्काळ आणि धुळीची वादळे यांनी हवालदिल झालेल्या शेतकऱ्यांना अशी तळी बांधण्यासाठी १९३५ मध्ये स्थापन झालेल्या संघराज्याच्या मृदसंधारण खात्याने उत्तेजन दिले. गुरांना पाणी मिळावे आणि ओघळींची धूप थांबावी हा त्यामागचा मूळ हेतू होता, मासे हा वरकड लाभ होता. पुढे अनेक ठिकाणी हा क्रम उलटला. गुरे गेली, शेतांचे तुकडे पडले, काठावर घरे उभी राहिली आणि तळे उरले ते मुख्यतः एका माशाच्या नादापायी. हा मासा म्हणजे लार्जमाउथ बास.

गोड्या पाण्यात राहणारा हा शिकारी मासा सनफिश कुळातला असून आपल्याकडे हॉटेलांत ‘सी बास’ म्हणून जो जिताडा वाढला जातो, त्याच्याशी त्याचे नावापलीकडे काहीही नाते नाही. हिरवट अंग, कुशीवरून शेपटीपर्यंत गेलेला काळसर पट्टा आणि डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे पोहोचणारा जबडा, एवढ्या खुणांवरून तो ओळखता येतो. भक्ष्य टप्प्यात आले की तो तोंड एकदम उघडतो, त्या पोकळीत पाणी वेगाने ओढले जाते आणि पाण्याबरोबर भक्ष्यही आत जाते. आत आलेली वस्तू खाण्याजोगी नाही असे जाणवले तर तितक्याच चपळाईने ती बाहेर फेकली जाते. गळ टाकून बसलेल्या माणसाला यातले काही कळतेच असे नाही. तंगूस किंचित सैल पडते, पुन्हा ताणते, आणि ‘आज मासा हलतच नाही’ असा निष्कर्ष काठावर निघतो.

हा निष्कर्ष अमेरिकेतील तळेमालकांच्या नेहमीच्या तक्रारीचा गाभा आहे. मे महिन्यात गळ पाण्यात पडायचा अवकाश की मासा लागत होता, जुलैत त्याच जागी त्याच आमिषाला कोणी विचारत नाही. किंवा तळे नवे असताना मुलेसुद्धा टोपलीभर मासे आणत, आता जाणत्यांचेही हात रिकामे राहतात. तक्रार एकच असली तरी तिच्या मुळाशी निरनिराळ्या गोष्टी असतात, आणि त्यांतल्या काही माशापेक्षा काठावरच्या माणसाशी अधिक निगडित असतात.

मासे आहेत तरी किती?

गळाला मासा लागत नाही तेव्हा पहिला प्रश्न त्याच्या मनःस्थितीचा नसून तळ्यातील लोकसंख्येचा असतो, हे अलाबामातील होमर स्विंगल यांच्या कामामुळे स्पष्ट झाले. आज ऑबर्न विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत मुळात कीटकशास्त्राचे अभ्यासक असलेल्या स्विंगल यांनी १९३० च्या दशकापासून अनेक प्रायोगिक तळी खोदून घेतली, त्यांत ठरावीक संख्येने मासे सोडले, काही काळाने तळी पूर्ण उपसून आतला प्रत्येक मासा मोजला आणि तोलला. या कष्टाळू पद्धतीतून जी जोडी टिकली ती बास आणि ब्लूगिल यांची. ब्लूगिल हा तळहाताएवढा, चपटा, भराभर वीण देणारा मासा किडे आणि सूक्ष्म जीव खाऊन वाढतो, आणि त्याची पिल्ले खाऊन बास वाढतो. खत घातलेल्या तळ्यात एकरी साधारण १,००० ब्लूगिल आणि १०० बास, खत न घातलेल्या तळ्यात त्याच्या निम्मे, हे बीजाचे प्रमाण पुढे दक्षिणेत सर्वत्र रूढ झाले.

स्विंगल यांनी १९५० मध्ये मांडलेली ‘समतोल तळे’ ही कल्पना त्यावर उभी आहे. ज्या तळ्यातून खाण्याजोग्या आकाराचे मासे दरवर्षी पुरेसे मिळत राहतात ते तळे समतोल, आणि अशा तळ्यात भक्ष्य माशांचे एकूण वजन शिकारी माशांच्या वजनाच्या साधारण तीन ते सहा पट असते. हे प्रमाण जाणून घेण्यासाठी दर वेळी तळे उपसता येत नाही, म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठालगत लहान ओढजाळे फिरवून अंदाज घेण्याची रीत त्यांनीच घालून दिली. दोन माणसे जाळ्याची दोन टोके धरून गुडघाभर पाण्यात उतरतात, अर्धवर्तुळ काढून काठाला येतात आणि चिखल, शेवाळ, बेडकांची पिल्ले यांतून मासे वेचतात. नुकतीच जन्मलेली ब्लूगिलची पिल्ले भरपूर आणि त्यांच्यासोबत बासची पिल्लेही दिसली तर काळजीचे कारण नसते. बासचे पिल्लू एकही नाही आणि तीन ते पाच इंचांचे अर्धवट वाढलेले ब्लूगिल मात्र जाळे भरून आले, तर तळे ब्लूगिलने व्यापलेले आहे असे समजावे. असे ब्लूगिल बासची अंडी फस्त करतात, गळावरचा चारा टोचून टोचून संपवतात, आणि उरलेल्या मोजक्या थोराड बासना तोंडाशी आलेले भक्ष्य इतके असते की गळावरच्या गांडुळाकडे वळण्याची त्यांना गरज उरत नाही.

याच्या उलट स्थितीत, म्हणजे बासची गर्दी झालेल्या तळ्यात, मासे लागतात खूप, पण सगळे फूटभर लांबीचे, डोके मोठे आणि पोट खपाटीला गेलेले. तळ्याबद्दलच्या दोन तक्रारींचे निदान असे परस्परविरोधी असू शकते, आणि तरीही काठावरचे लोक दोन्हींवर नवे आमिष हाच इलाज शोधतात.

महाराष्ट्रातील शेततळ्यांशी या तळ्यांची तुलना मनात येणे स्वाभाविक असले तरी ती फार लांब नेता येत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर गावोगाव दिसू लागलेली आपली शेततळी पुष्कळदा प्लास्टिकच्या अस्तराची असतात आणि पिकाच्या गरजेनुसार रिकामी होतात, शिवाय त्यांत सोडले जाणारे रोहू, कटला आणि मृगळ हे शिकारी मासे नव्हेत. बासच्या स्वभावाचा आपल्याकडचा मासा म्हणायचा तर तो मरळ: तोही पाणवनस्पतींच्या आडोशाने दबा धरतो आणि पिल्लांची राखण करतो.

उन्हाळ्यातील पाणी

जुलैच्या पहाटे इलिनॉयमधील अशा एखाद्या तळ्याच्या बांधावर उभे राहिले तर पाणी निवळ स्थिर दिसते. काठाला पाणकणसांची दाटी, तिच्यापुढे शेवाळाचा हिरवा साका, बांधाच्या बाजूला आठ-दहा फूट खोली आणि समोर उथळ होत गेलेले पाणी. पुस्तकी सल्ला असा की उन्हाळ्यात पहाटेच गळ टाकावा, कारण अंधूक प्रकाशात शिकारी माशाची सरशी असते आणि पाणी दिवसातले सर्वांत थंड असते. सल्ला चुकीचा नाही, पण शेवाळाने भरलेल्या लहान तळ्यात तो नेमका अंगाशी येऊ शकतो.

याचे कारण पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूच्या हिशेबात आहे. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा प्रकाशाच्या साह्याने प्राणवायू सोडतात, रात्री मात्र माशांप्रमाणेच तो वापरतात. त्यामुळे सूर्यास्ताच्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वाधिक आणि पहाटे सर्वांत कमी असते. त्यात पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: १० अंश सेल्सियसला लिटरमागे ११ मिलिग्रॅमहून थोडा अधिक, ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. हे प्रमाण तीन मिलिग्रॅमच्या खाली उतरू लागले की बास हालचाल आणि खाणे आवरते घेतो, कारण पचनालाही प्राणवायू लागतो. अशा तळ्यात दिवस मावळण्याआधीचे दोन तास पहाटेपेक्षा बरे ठरतात, आणि वारा ज्या काठावर लाटा आपटत असेल तो काठ स्थिर पाण्यापेक्षा बरा ठरतो.

खोल पाण्यात गारवा असेल म्हणून मासे तळाशी गेले असतील, हा समजही असाच फसवा आहे. उन्हाने तापलेले हलके पाणी वर आणि थंड, जड पाणी खाली असे थर उन्हाळ्यात पडतात, आणि आडोशाच्या लहान तळ्यात वाऱ्याला ते घुसळता येत नसल्यामुळे खालच्या थरातील प्राणवायू कुजणाऱ्या पाल्याचोळ्यात संपून जातो. दहा फूट खोल तळ्यातले वरचे चार-पाच फूटच मग माशांना राहण्याजोगे उरतात. तळाशी आमिष ठेवून तासन्‌तास बसलेला माणूस अशा वेळी मासे नसलेल्या पाण्यात मासेमारी करत असतो. अमेरिकेतील उपनगरांत, जेथे मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने राहतात, पावसाचे पाणी साठवण्यासाठी घरांच्या मधोमध केलेल्या तळ्यांत हे सारे अधिक तीव्रतेने घडते. हिरवळीला घातलेले खत वाहत येऊन शेवाळ माजते, ते एकदम औषध मारून मारले तर कुजताना उरलासुरला प्राणवायू संपवते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसतात.

हवेच्या दाबाबद्दल मात्र काठावर जितके बोलले जाते तितके त्यात तथ्य असेलसे वाटत नाही. थंड हवेची लाट येऊन गेल्यावर, आकाश निरभ्र आणि दाब चढा असताना, बास तोंड मिटून बसतो, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज आहे आणि अनुभव बराचसा खराही आहे. पण हवेचा दाब दहा हेक्टोपास्कलने बदलणे म्हणजे माशाने पाण्यात सुमारे दहा सेंटिमीटर वर किंवा खाली सरकणे, आणि तेवढे तर तो दिवसभर करत असतो. उघडीप झाल्यावर वाढलेला लख्ख प्रकाश आणि उथळ पाण्याचे उतरलेले तापमान ही कारणे अधिक पटण्यासारखी आहेत. अशा दिवशी मासे आडोशाला, लव्हाळ्याच्या बुडाशी किंवा पडलेल्या झाडाच्या फांद्यांत घट्ट चिकटून राहतात आणि वीतभर अंतरावरून जाणाऱ्या वस्तूचीच दखल घेतात.

रिज लेकमधील दोनशे मासे

पाण्याची आणि हवेची ही कारणे ऋतूबरोबर येतात आणि जातात. यापुढचे कारण तसे जात नाही, आणि त्याचा सर्वांत पद्धतशीर पुरावा इलिनॉयमधील चार्ल्सटन गावाजवळच्या रिज लेक या लहान जलाशयातून आला आहे. १९४० च्या दशकापासून संशोधनासाठी राखलेल्या या जलाशयात १९७७ पासून चार वर्षे सर्वांना गळ टाकण्याची मुभा होती, मात्र पकडलेला प्रत्येक बास जिवंत ठेवायचा, मोजणीसाठी द्यायचा आणि खूण करून पुन्हा पाण्यात सोडायचा असा नियम होता. १९८० मध्ये जलाशय उपसला तेव्हा सुमारे १,७०० बास हाती आले, आणि नोंदी पडताळल्यावर असे दिसले की त्यांतले सुमारे २०० चार वर्षांत एकदाही गळाला लागलेले नव्हते. दुसऱ्या टोकाला एक मासा पहिल्या दोन दिवसांतच तीनदा सापडला होता आणि आणखी एक एका वर्षात सोळा वेळा.

संशोधक डेव्हिड फिलिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथून पुढचा प्रश्न विचारला: हा फरक शिकण्यातून आलेला आहे की रक्तातूनच आलेला आहे? वारंवार सापडणाऱ्यांची आणि कधीच न सापडणाऱ्यांची त्यांनी वेगवेगळी वीण घेतली, दोन्हींची पिल्ले खुणा करून एकाच पाण्यात वाढवली आणि त्यांच्यावर गळ टाकले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन पिढ्यांत दोन्ही वंशांमधील अंतर वाढत गेले, म्हणजेच गळाला भुलण्याची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक आहे. हा अंश मोठा नाही, साधारण १५ टक्के. पण पिढ्यान्‌पिढ्या निवड होत राहिली तर तेवढाही पुरतो. पुढील अभ्यासांत असेही आढळले की सहज सापडणाऱ्या वंशाच्या माशांना विश्रांतीच्या स्थितीतही अधिक ऊर्जा लागते आणि त्यांतील नर पिल्लांची राखण अधिक नेटाने करतात.

ही राखण समजून घेतल्याशिवाय मे महिन्यातील भरघोस मासेमारीचा उलगडा होत नाही. पाणी १५ ते २० अंशांपर्यंत तापले की बासचा नर उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून वाटोळा खळगा करतो, मादी त्यात अंडी घालून निघून जाते, आणि अंडी व पिल्ले सांभाळण्याचे काम नर एकटा करतो. या काळात तो खात जवळजवळ नाहीच, पण खळग्याजवळ आलेल्या प्रत्येक वस्तूवर तुटून पडतो, आणि गळावरचे आमिष ही त्याच्या लेखी अशीच एक घुसखोर वस्तू असते. त्याला वर काढून, छायाचित्र घेऊन, पाचच मिनिटांत परत सोडले तरी तेवढ्यात ब्लूगिलचा घोळका अंड्यांवर ताव मारतो. जो नर अधिक शूर आणि अधिक दक्ष, तोच आधी गळाला लागतो. जुलैत हे मासे पिल्लांच्या पाशातून मोकळे झालेले असतात आणि तोपर्यंत त्यांतल्या कित्येकांच्या ओठांतून गळ आरपार जाऊन आलेला असतो.

या अनुभवातून मासा शिकतो काय, याचे एक नेमके उत्तर हॉलंडमधून मिळाले आहे. बॉयकेमा या संशोधकाने १९७० मध्ये पाइक या दुसऱ्या शिकारी माशावर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की चमचमत्या धातूच्या आमिषाला एकदा फसलेला पाइक पुन्हा सहसा फसत नाही, पण गळावरचा जिवंत मासा मात्र तो पुन्हा घेतो. खऱ्या भक्ष्याचा संशय घेऊ लागला तर त्याला उपाशीच राहावे लागेल. बासच्या लहान तळ्यांतही सलग मासेमारी सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांतच मिळकत घसरते, मासे तेवढेच असतानाही घसरते. हजारो एकरांच्या जलाशयात नवखे मासे कुठून तरी येत राहतात, एक-दोन एकरांच्या तळ्यात तसे कोणी येत नाही. तेथे सगळेच एकमेकांच्या ओळखीचे.

आमिषांची पेटी

या घसरणीवर बाजाराने दिलेले उत्तर म्हणजे अगणित रंगांची आणि आकारांची खोटी आमिषे. त्यांतील सर्वांत टिकाऊ शोध साधा आहे: ओहायोतील अॅक्रन शहरात निक क्रीम यांनी १९४९ च्या सुमारास मऊ प्लास्टिकचा गांडूळ ओतला, आणि त्यानंतरची निम्मी पेटी त्याच वंशाची आहे. अवघड दिवशी जाणते लोक त्याचाच एक प्रकार वापरतात. बोटभर जाडीच्या, शेपूट-पाय काही नसलेल्या प्लास्टिकच्या कांडीच्या मधोमध गळ खुपसायचा, वजन लावायचे नाही, तंगूस सहा-आठ पौंडी आणि बारीक ठेवायचे, आणि पाण्यात पडल्यावर काहीही करायचे नाही. कांडी दोन्ही टोके थरथरवत सावकाश खाली जाते आणि मासा बहुधा ती बुडत असतानाच उचलतो. खणखणाट करणाऱ्या, गरगर फिरणाऱ्या आमिषांनी शिकवलेल्या माशाला ही आळशी वस्तू ओळखता येत नाही, किंवा तिच्यात घाबरण्यासारखे काही आढळत नाही.

रंगांच्या बाबतीत खरेदीदाराने सावध राहिलेले बरे. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी बासला खाऊच्या लालचीने रंग ओळखायला शिकवले, तेव्हा त्याच्या डोळ्यांत मुख्यतः लाल आणि हिरवा प्रकाश टिपणाऱ्या दोनच प्रकारच्या शंकुपेशी असल्याचे आणि लाल व हिरवा तो उत्तम ओळखत असल्याचे दिसून आले. पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत, तसेच निळा आणि काळा यांत मात्र त्याची गल्लत होते. दुकानात शेजारी शेजारी टांगलेल्या निळ्या आणि काळ्या आमिषांतला फरक बहुधा गिऱ्हाइकासाठीच असतो.

फुकट मिळणाऱ्या उपायांकडे यापेक्षा अधिक लक्ष द्यायला हवे. लहान तळ्यात माशांचा मोठा भाग काठापासून काही फुटांतच असतो, आणि माणसाच्या पावलांचा दणका मातीतून थेट त्या पाण्यात उतरतो. माशाच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेली पार्श्वरेखा जवळच्या पाण्याची बारीक हालचाल टिपते आणि आतला कान मंद्र आवाज ऐकतो. काठाच्या टोकाशी उभे राहून तळ्याच्या मध्यावर गळ भिरकावणारा माणूस पायाखालचे मासे आधीच पिटाळून लावतो. काठापासून दहा पावले मागे थांबावे, सावली पाण्यावर पडू देऊ नये, पहिला गळ काठाला समांतर टाकावा, हे जुन्या लोकांचे वळण या दृष्टीने शास्त्रशुद्ध आहे. त्याहून परिणामकारक उपाय म्हणजे दोन-तीन आठवडे तळ्याकडे न फिरकणे, पण तो सांगणारा सहसा लोकप्रिय होत नाही.

सोडण्याची सवय आणि काढण्याची गरज

पकडलेला बास परत पाण्यात सोडणे ही आज अमेरिकेत जवळजवळ नीतीची बाब झाली आहे. अलाबामाचे रे स्कॉट यांनी १९६७ मध्ये बासच्या स्पर्धा सुरू केल्या आणि १९७२ पासून स्पर्धेतील मासे जिवंत सोडण्याचा आग्रह धरला, तेव्हापासून हा प्रघात मोठ्या जलाशयांतून लहान तळ्यांपर्यंत पसरला. मोठ्या जलाशयांचे त्यातून भले झाले असेल. लहान तळ्यात मात्र त्याचे दोन परिणाम एकदम होतात: सुटलेला प्रत्येक मासा शहाणा होऊन परत जातो, आणि कोणीच कमी होत नसल्याने फूटभर लांबीच्या, अर्धपोटी बासची गर्दी वाढत जाते. म्हणून सुपीक तळ्यातून दरवर्षी एकरी साधारण २० ते २५ पौंड बास, तेही चौदा इंचांच्या आतले, काढून खावेत असे मत्स्यशास्त्रज्ञ तळेमालकांना परोपरीने सांगतात आणि मालक मान डोलावून पुढचा मासाही सोडून देतात.

रिज लेकचा धडा येथे आडवा येतो, हेही खरे. गळानेच मासे काढत राहिले तर काढले जातात ते भुलणारे, आणि वीण चालते ती न भुलणाऱ्यांची. या पेचामुळे काही मालक गळ बाजूला ठेवून विजेच्या नावेला बोलावतात. परवानाधारक तज्ज्ञांची ही सपाट बुडाची नाव पाण्यात विजेचा प्रवाह सोडत काठाकाठाने फिरते. पुढच्या टोकाशी लोंबणाऱ्या तारांच्या आसपासचे मासे काही क्षण बधिर होऊन वर येतात आणि लांब दांड्याच्या जाळ्यांनी टिपले जातात. विजेला आमिषाचे कौशल्य लागत नाही, त्यामुळे भित्रा आणि धीट दोघेही वर येतात, आणि ‘तळ्यात आता काही उरलेले नाही’ असे सांगणाऱ्या मालकापुढे पाच-सहा पौंडांचे बासही पालथे तरंगताना दिसतात. पाण्याच्या टाकीत ठेवून त्यांची लांबी आणि वजन नोंदले जाते, त्या लांबीच्या धडधाकट माशाचे वजन किती असायला हवे याच्याशी ते ताडले जाते, लठ्ठ मोठे मासे परत सोडले जातात, आणि चौदा इंचांच्या आतले किरकोळ बास बर्फाच्या पेटीत जातात. दक्षिणेत संध्याकाळी ते मक्याच्या पिठात घोळवून तळले जातात.